चुंबळीवरचा टेप

२१ नोव्हेंबर १९८२

ही डायरी गेल्या वर्षीची. लकडगंजातल्या आरागिरणीवाल्यानं ताराचंदला दिली होती, त्यानं ती कोरीच ठेवली आणि काल माझ्याकडे लोटली. "भाऊजी, तुम्हीच लिहा. मले सही करतानाही घाम येते," म्हणे. ताराचंद म्हणजे माझा मेहुणा, गिरणीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. छापलेले वार जुळत नाहीत, म्हणून तारीख हातानं घालतो आणि वार सोडून देतो. माझी शाळा चौथीत संपली. पुढचं सारं मोटारीखाली उताणं पडून शिकलो. तोंडात ऑइल गेलं तेवढीच काय ती गुरुदक्षिणा.

लिहायला बसलो, कारण डोक्यात एक काम शिरलंय आणि ते तिथं मावेना. जावयानं दिवाळीला भिलाईहून टेप आणला. जपानी आहे, दोन विटा शेजारी ठेवाव्या एवढा. सेलवर चालतो. बटण दाबलं की कॅसेटचं दार असं हळूच उघडतं, जणू घरात कोणी निजलंय. लेक गोपिका म्हणाली, बाबा, घरी कशाला, टॅक्सीत लावा. आणि नवल म्हणजे मनकर्णेनं लगेच री ओढली. मनकर्णा म्हणजे आमचं कुटुंब. गणपतीत समोरच्या मंडळाचा भोंगा आमच्या खिडकीकडे होता, तर पदर खोचून रस्त्यावर गेली आणि तोंड फिरवून आली. भोंग्याचं. ती बाई म्हणते, गाडीत गाणं पाहिजे. "गाणं असलं म्हणजे माणूस जागा राहते."

मी म्हटलं, गिऱ्हाईकही खूश राहील. लागलो कामाला.

२४ नोव्हेंबर

टेप नुसता सीटवर ठेवला तर पहिल्याच खड्ड्यात खाली येईल. त्याला घर पाहिजे. बाजारात लोखंडी पट्ट्यांचे तयार मिळतात म्हणे, पण ते मोठ्या शहरातल्या गुळगुळीत रस्त्यांसाठी. आपली अँबेसिडर सक्करदऱ्याहून निघते, उमरेडवरून भिवापूरला जाते आणि मिरचीचे व्यापारी नेते-आणते. त्या रस्त्यानं लोखंडाचेही दात वाजतात. आपण सागवानाचं घर करायचं.

लकडगंजला गेलो. ताराचंदनं ढिगातून एक तुकडा काढून दिला. रेषा अशी सरळ की पाहत राहावं. वास घेतला तर तो हसायला लागला. "भाऊजी, लाकूड हाय ते, लाडू नाही." साल्याला काय कळतंय.

जागेवरून घरात वाद झाला. मला पेटी मधोमध पाहिजे होती, माझ्या हाताशी. मनकर्णा म्हणते, डावीकडे, माझ्या बाजूला. बटणं मी दाबीन, तुम्ही समोर पाहा. म्हणजे ही आता रोज येणार. आलीच समजा. गेल्या महिन्यापासून तिला गाडीत बसायची भारी हौस सुटली आहे. कामठी रोडवर चाक कच्च्यात उतरलं त्या दिवसापासून.

ते लिहूनच टाकतो, मनात ठेवून काय उपयोग. बकरी आडवी आली होती. मी गाडी बाजूला घेतली, लागलं कोणालाच नाही. मनकर्णा शेजारी होती, म्हणाली, बकरी नव्हती, तुमचा डोळा लागला होता. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही आणि तिच्या हातचं जेवलोही नाही, खानावळीत गेलो. जन्मभर एसटी चालवली, गाडीवर ओरखडा नाही, विना-अपघाताचा पितळी बिल्ला छातीवर लावून निवृत्त झालो. त्याला बायको सांगते, डोळा लागला. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. शहाणी आहे तशी.

२८ नोव्हेंबर

पेटी झाली! तीन बाजू सागाच्या, समोरून मोकळी, डॅशबोर्डाखालच्या लोखंडी पट्टीला मधोमध, जराशी मनकर्णेकडे सरकून, चार पेचांनी पक्की. टेप आत असा गच्च बसला की म्यानात तलवार. गणपतराव भिवापूरचे मिरचीचे दलाल, आमचे नेहमीचे गिऱ्हाईक. त्यांना मुद्दाम पुढं वाकून पाहायला लावलं. त्यांनी मान हलवली. मी भजनाची कॅसेट घातली.

घात झाला. दिघोरीपर्यंत ठीक, पुढं खड्डे लागले आणि बुवा गाता गाता विहिरीत बुडायला लागले. एकदा वर येत, एकदा खाली जात. गच्च बसवलेल्या टेपात रस्त्याचा प्रत्येक गचका सरळ शिरतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गणपतराव म्हणाले, "वामनराव, बुवाले हिवताप आला का गा?"

मनकर्णा मात्र म्हणाली, असू द्या, चांगलं आहे. तिला गाण्यातलं काय कळतंय.

२ डिसेंबर

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि टेप पेटीत झोक्यासारखा टांगला. गचका रबरात मरेल, टेपापर्यंत पोचणार नाही. अक्कल म्हणतात ती हीच, असं सकाळी वाटलं होतं.

दुपारी ब्रेक मारला तर टेप झोका घेऊन बाहेर आला, माझ्या गुडघ्याला लागला, आणि दार उघडून कॅसेट मनकर्णेच्या ओटीत पडली. तिनं ती अशी झेलली की पोरगं झेलावं. दोघंही हसलो. गुडघा अजून ठणकतो.

३ डिसेंबर

गुडघ्याला हळद. काम बंद. डोकं चालू.

९ डिसेंबर

सापडलं! आधी ते लिहितो, चहा मागाहून.

सकाळी नळावर गर्दी होती. पलीकडच्या गल्लीतली एक बाई डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन निघाली. वाटेत गिट्टी, नाली, सायकलवाला. बाई चालते आहे, मान डोलते आहे, शेजारणीशी भांडतेसुद्धा आहे, आणि पाणी सांडत नाही. एक थेंब नाही. मी तिच्या मागं मागं चाललो. तिनं वळून पाहिलं तेव्हा भानावर आलो. या वयात मार खाल्ला असता.

चुंबळ! डोक्यावर हंड्याखाली कापडाची वळकटी असते ना, ती. सारे गचके ती खाते. शेकडो वर्षं बायांच्या डोक्यावर हे यंत्र बसलेलं आहे आणि मी ट्यूब कापत बसलो होतो.

घरी येऊन मनकर्णेला सांगितलं. तिनं काही न विचारता जुनं लुगडं फाडलं, पीळ दिला, गोल वळला, दाबून पाहिलं. "जड हाय का तुमचा टेप?" म्हणाली. मी टेप हातात दिला. तिनं तो तोलला, एक पदर काढला, पुन्हा वळली. म्हणाली, हलक्या भांड्याले चुंबळही हलकी लागते. हे मला कोणत्याच गॅरेजात शिकवलं नसतं.

१२ डिसेंबर

आज मी राजा.

पेटीच्या तळाला चुंबळ, चुंबळीवर टेप, वरून ट्यूबची एक पट्टी, नुसता हात ठेवल्यासारखी. सक्करदऱ्याहून निघालो ते उमरेडपर्यंत बुवांचा सूर ढळला नाही. खड्डा आला की गाडी उसळायची, आम्ही उसळायचो, बुवा मात्र लोडाला टेकून बसलेले. गणपतराव मागच्या सीटवर होते. म्हणाले, पाळण्यात घातल्यासारखं वाटून राहिलं, आणि पाचगावच्या आधीच घोरायला लागले. कारागिराला याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं?

मीही इतका रमलो की उमरेड कधी मागं पडलं ते समजलंच नाही. खरंच आठवत नाही. गाण्याची अशी ताकद असते. मधेच मनकर्णेनं माझ्या मांडीला चिमटा काढला. चांगला जोरात. या वयात! मागं परका माणूस बसलेला. मी लाजून चूर. ती म्हणाली, मुंगी होती.

घरी आल्यावर माझा पितळी बिल्ला पेटीच्या माथ्यावर ठोकला. सागवानावर पितळ काय शोभतं. मनकर्णा बराच वेळ पाहत होती. म्हटलं, काहून वं, आवडला नाही का? म्हणाली, चांगला आहे. स्वयंपाकघरात गेली.

१५ डिसेंबर

पेटी खडखडते!

परवापर्यंत मांजराच्या पावलानं चालणारी पेटी आज दिघोरीपासून खड खड, खड खड. गाणं ठीक आहे, चुंबळ आपलं काम करते, पण लाकूड लोखंडावर आपटतं. मला गाडीतला आवाज सोसत नाही, हा माझा जन्माचा रोग. घरात नळ टिपकला तरी मी उठून बसतो. सारा रस्ता कान त्या खडखडीत. भिवापूरला उतरून पाहिलं तर पेच सैल. आवळले.

मनकर्णेला म्हटलं, तुझ्या इतक्या जवळ वाजत होतं, तुला ऐकू नाही आलं? तेव्हा पाहिलं, तिच्या कानात कापूस. वाऱ्यानं कान दुखतात म्हणते. गाणं ऐकायच्या हौसेनं रोज येते आणि कानात कापूस घालते! बायकांचं गणित ब्रह्मदेवालाही सुटणार नाही.

१९ डिसेंबर

पुन्हा पेच सैल. पुन्हा आवळायला गेलो तर पिवळ्या मुठीचा बारका पेचकस गायब. डिकी, सीटखाली, देवघर, सगळं पाहिलं. ताराचंदवर संशय आहे. तो येऊन गेला की घरातली वस्तू कमी होते, आणि वस्तू नसली तर चिवडा कमी होतो. विचारलं तर म्हणाला, "माह्या ट्रकचे पेच तुमच्या मनगटाएवढे हायेत. तो दातकोरणा मी काय करू?"

त्याच्याकडचाच मोठा पेचकस आणला. आवळले.

२३ डिसेंबर

एक कोडं आहे. चार पेच, दोन माझ्या बाजूला, दोन मनकर्णेच्या. दरवेळी डावीकडचेच सैल होतात. मी विचार केला. रस्त्याची डावी कड जास्त खराब असते, चाक तिकडे जास्त आपटतं, म्हणून असावं. हे शोधून काढल्यावर रात्री बरं वाटलं. मनकर्णेला समजावून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, असंच असन.

आज भिवापूरच्या बाजारात तिनं स्वतःच्या हातानं कॅसेट घेतली. खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा! ढोलकी, तुणतुणं, आरडाओरड. भजन नको म्हणाली. मी म्हटलं, तुले हे आवडते? म्हणाली, लई आवडते. आणि कापूस आणखी आत कोंबला.

४ जानेवारी १९८३

नव्या वर्षात जुनी खडखड. एक मात्र आहे, हल्ली प्रवास कंटाळवाणा होत नाही. मनकर्णा सारखी बोलते. दुपारी जेवून परतीला लागलो की तिची गाडी सुरू. त्या झाडाचं नाव काय, तुमच्या मोठ्या मावशीला किती लेकरं, गोपिकेच्या लग्नात आचारी कुठला होता. मी एकाचं उत्तर देतो तोवर दुसरं तयार. मी वैतागतो, ती थांबत नाही. गणपतराव म्हणाले, वहिनी आधी इतक्या बोलत नव्हत्या. मी म्हटलं, टेप आल्यापासून हिचाही आवाज वाढला.

घरी येते ती थकलेली. पाय पसरून भिंतीला टेकते आणि बसल्या जागी डोळे मिटते. हिनं काय केलं गाडीत बसून? चाक तर मी धरतो.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देताना मनकर्णा म्हणाली, एक मागू का? मी म्हटलं, साडी सोडून काहीही. म्हणाली, दुपारी जेवण झालं की तासभर गाडी उभी करत जा, मग निघा. मी म्हटलं, टॅक्सी आहे, बैलगाडी नाही. गिऱ्हाईक खोळंबतं. ती म्हणाली, बरं. तिळगूळ खाल्ला. गोड बोलायचा दिवस, म्हणून मीही पुढं ताणलं नाही.

पण मनाला लागलं थोडं. चेहऱ्यावरून वाटलं, हिला तासभर नव्हे, दुसरंच काही मागायचं होतं.

२४ जानेवारी

मनकर्णा कामठीला गेली, तिच्या भाचीकडे बारसं आहे. दोन मुक्काम. जाताना तीनदा म्हणाली, उद्याची भिवापूरची फेरी ताराचंदला करू द्या. तीनदा मी नाही म्हटलं. मग पिशवी उचलून बसमध्ये चढली.

घर रिकामं, तर काम उरकून घेतलं. हे कोडं आता मुळापासून सोडवायचं. जुने पेच फेकून लांब पेच आणले, छिद्रात सरस भरला, वर लाकडी खुंट्या ठोकल्या. आता भूकंप आला तर गाडी हलेल, पेटी नाही. चुंबळही झटकून, उन्हात घालून पुन्हा बसवली. गल्लीला दोन फेऱ्या मारल्या. हूं की चूं नाही! एकट्यानंच टाळी वाजवली. उद्या भजन लावणार. मधे बोलणारं कोणी नाही, खडखड नाही. बुवा, मी आणि रस्ता.

२५ जानेवारी

आज भिवापूरच्या अलीकडे म्हैस आडवी आली आणि

वरची ओळ खोडतो. म्हैस नव्हती.

उमरेडला जेवलो. पिठलं होतं, भाकर दोन जास्त खाल्ल्या. निघालो. ऊन उबदार, काच थोडी उघडी, बुवा गात होते आणि सूर तेलाच्या धारेसारखा. एवढं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा समोर सगळं लाल. मला वाटलं रक्त. मग नाकात गेलं आणि समजलं, मिरची. गाडी रस्ता सोडून गणपतरावांच्या सातऱ्यात शिरली होती. सातरा म्हणजे मिरची पसरून वाळवायचं मोकळं अंगण, तिथंच बाया बसून देठं खुडतात. पसरलेल्या मिरचीनं गाडीला थांबवलं, मी नाही. ब्रेकवर पाय नव्हताच.

खरं लिहायचं तर सगळंच लिहितो. जाग आल्यावर पहिला विचार मनात आला तो हा, की बुवांचा सूर हलला नाही. पेटी जागच्या जागी, टेप चुंबळीवर, गाणं चालू. मी क्षणभर खूश झालो. देवा.

मग शिंका. मी शिंकतो, माणसं धावत आली ती शिंकतात, सातऱ्यावरचं कुत्रंही शिंकतं. गणपतराव नाकाला उपरणं लावून आले, मला धडधाकट पाहिलं आणि म्हणाले, "वामनराव, मिरची कुटाले मोटार आणली का गा?" सगळे हसले. मीही हसलो. हसलो म्हणजे सुटलो, असं वाटलं.

तेवढ्यात एक बाई पुढं आली. पार्वतीबाई नाव, सातऱ्यावरच्या बायांची मुकादम. ती हसत नव्हती, रागावलीही नव्हती. खाली वाकून तिनं पुढच्या चाकाखालून काहीतरी ओढलं. निघेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. "दादा, गाडी जराशी मागं घेता का? माह्यं बसाचं पोतं हाय."

तिचं बसायचं पोतं. त्याच्या शेजारी दुसरं, पलीकडे तिसरं. एका पोत्यावर फडक्यात बांधलेली भाकर. मी विचारलं, तुम्ही कुठं होत्या? म्हणाली, "पाणी प्याले उठलो होतो साऱ्याजणी."

गाडी मागं घ्यायची सोडून मी शेजारच्या सीटवर सरकलो. गणपतरावांच्या माणसानं घेतली. मी पेटीतला टेप बंद केला.

एसटीनं परत आलो, गाडी तिथंच. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, माझ्याच हाताखाली शिकलेला. म्हणाला, काका, गाडी कुठं? मी म्हटलं, निजली. त्याच्या मागच्या सीटवर बसलो आणि नागपूर येईपर्यंत आरशात त्याच्या डोळ्यांकडे पाहत होतो. मिटत नव्हते. माझ्या डोळ्यांकडे आजवर कोण पाहत होतं?

२६ जानेवारी

मनकर्णा दुपारी आली. पिशवी खाली ठेवायच्या आत मी म्हटलं, "बकरी नव्हती."

ती म्हणाली, कोणती बकरी?

"कामठी रोडवरची."

तिनं पिशवी खाली ठेवली. मग मी सातऱ्याचं सांगितलं, पोत्यापर्यंत. तिनं मधे एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या मावशीच्या लेकरांचे हिशोब विचारणारी बाई. शेवटी एवढंच म्हणाली, "पोतं फाटलं का तिचं?"

फाटलं होतं. ती आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. चौपदरी गोधडी काढून आणली, गोपिकेच्या बाळंतपणासाठी शिवलेली. म्हणाली, गाडी आणायला जाल तेव्हा पार्वतीबाईले द्या. बसाले मऊ पडन.

मग ताट वाढलं. जेवलो. तिच्याच हातचं.

२९ जानेवारी

ताराचंद जाऊन गाडी घेऊन आला, गोधडी पोचवली. गणपतरावांनी मिरचीचं नाव काढलं नाही, उलट पिशवीभर पाठवली. ताराचंद सांगतो, गाडीत बसलं की अजून डोळ्याला पाणी येतं, लोकांना वाटेल भाऊजी गेले.

मी पेटी काढून टाकली. खुंट्या खोबणीतून उपटल्या, बिल्ला काढून ट्रंकेत ठेवला, पेटी माळ्यावर टाकली. पाळणाच करून ठेवला होता मी, आणि पाळण्यात दुसरं काय होणार? ताराचंदला म्हटलं, तुझ्या मालकाला सांग, माणूस दुसरा पाहा म्हणावं. टॅक्सी तू चालव. त्यानं माझ्याकडे पाहिलं, थट्टा सुचली नाही त्याला. म्हणाला, "तुम्ही?" मी म्हटलं, मी शेजारी बसतो. कोणीतरी बोलत राहायला पाहिजे.

लिहायला सोपं गेलं. बोलायला चार दिवस लागले.

६ फेब्रुवारी

आज ताराचंदची पहिली फेरी. सकाळी अंगणात गाडी पुसत होतो. चाक धरायचं नाही तर निदान आरसा तरी लख्ख असावा. मनकर्णा बाहेर आली. एका हातात पेटी, माळ्यावरून उतरवलेली, पुसलेली. पेटीत चुंबळ, धुऊन वाळवलेली, मिरचीचा वास गेलेला. दुसऱ्या हातात पिवळ्या मुठीचा बारका पेचकस.

"घ्या," म्हणाली. "आता घट्ट बसवा."

मी पेचकसाकडे पाहिलं. मग डावीकडच्या सीटकडे. मग तिच्याकडे. पेचकस कुठं सापडला हे मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. ताराचंदला मात्र म्हटलं, बाबा, तुझ्यावर आळ घेतला होता, माफ कर. तो म्हणाला, कोणता? लई हायेत.

चारही पेच आवळले. डावीकडचे दोन जरा सावकाश.

निघालो. ताराचंद चाकावर, मी शेजारी, मनकर्णा मागं, खिडकीशी. दिघोरी गेली. मी ताराचंदला त्याच्या सासूचं विचारलं, त्याच्या ट्रकचं, त्याच्या चिवड्याचं. मी सांगतो, बोलत राहणं सोपं काम नाही. उमरेडच्या आत माझे विषय संपले. हिनं दोन महिने कसं निभावलं असेल?

मागं वळून विचारणार होतो, त्या मोठ्या मावशीला लेकरं किती ते. पण मनकर्णा निजली होती. डोकं काचेला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, पदर वाऱ्यावर. कानातला कापूस निसटून मांडीवर पडला होता. खड्डा आला, गाडी उसळली, तिची मान हलली आणि पुन्हा काचेला टेकली. जाग आली नाही.

मी हात पुढं केला आणि बुवांचा आवाज बारीक केला. ताराचंदला म्हटलं, पुढचा खड्डा सांभाळून घे गा.